बेदाणा पावती नेटवर्क: मतदानाच्या कामाच्या नोंदी

५ जून २०२३, सोमवार

आजपासून नोंदी ठेवायला घेतल्यात, कारण मागच्या दोन महिन्यांत काय ठरलं आणि का ठरलं हे फोनवरच राहिलं आणि आता आठवताना प्रत्येकाचं वेगळं निघतंय. थोडक्यात काम असं: सांगली-तासगाव भागात शेतकरी बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवतो, त्याची पावती मिळते, सौदे होईपर्यंत त्या पावतीवर पतसंस्था तारण कर्ज देते. एकच माल दोन ठिकाणी तारण ठेवला गेला तर कुणाला कळत नाही, म्हणून पावत्यांचं एक सामायिक नेटवर्क करायचं. सध्या तीन मेंबर आहेत, एक कोल्ड स्टोरेज, एक शेतकरी उत्पादक कंपनी, एक पतसंस्था. फॅब्रिक २.२ वापरतोय (हे ब्लॉकचेनचं, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून ठेवायच्या सामायिक नोंदवहीचं सॉफ्टवेअर), ॲमेझॉनच्या मॅनेज्ड ब्लॉकचेनवर, म्हणजे ते चालवून देणाऱ्या सेवेवर, स्टार्टर एडिशन, म्हणजे जास्तीत जास्त पाच मेंबर.

पावत्यांचा भाग बऱ्यापैकी झालाय. राहिलंय ते मतदान. नवा मेंबर घ्यायचा, असलेल्याला काढायचं, घटीचा (साठवणीत कमी होणाऱ्या वजनाचा) टक्का बदलायचा, हे कोण ठरवणार आणि कोडमध्ये ते कसं बसणार. मला वाटत होतं आठवड्याचं काम आहे.

८ जून, गुरुवार

मिरजेला मीटिंग. कोल्ड स्टोरेजचे अण्णा, कंपनीचे अध्यक्ष, पतसंस्थेच्या मॅनेजर मॅडम आणि मी. मी विचारलं नवा मेंबर घ्यायला किती मतं लागतील, तिघंही एका सुरात म्हणाले बहुमत. मी म्हटलं बहुमत म्हणजे कुणाचं, तर मॅडम माझ्याकडे बघायलाच लागल्या, म्हणाल्या हजर असतील त्यांचं, आणि कोरम नसेल तर सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी परत घ्यायची, मग कोरम लागत नाही. हे त्यांना इतकं अंगवळणी पडलंय की ते सांगावं लागतं हेच त्यांना नवीन होतं. अख्ख्या जिल्ह्यात सोसायटी असो, दूध संस्था असो, पतसंस्था असो, सभा अशाच चालतात.

आणि नेटवर्कचा नियम असा नाहीये. तिथे टक्का मोजतात तो एकूण मेंबर्सचा. पन्नास टक्के आणि 'ग्रेटर दॅन' (त्याहून जास्त) ठेवलं तर दहा मेंबरच्या नेटवर्कमध्ये सहा जणांनी स्पष्ट हो म्हणायला हवं, पाच हो आले आणि बाकीचे पाच घरी बसले तरी ठराव मंजूर नाही. हजर-गैरहजर असा प्रकारच नाही, कोरम नाही, तहकूब नाही. न आलेला माणूस ठरावाच्या विरोधातच मोजला जातो म्हणा ना. हे मी तिथे वहीवर काढून दाखवलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ताई मग हे आधी का नाही सांगितलं. बरोबर आहे त्यांचं. मी डॉक्युमेंट वाचलेलं होतं, पण माझ्या डोक्यात बहुमत म्हणजे तेच आणि त्यांच्या डोक्यात त्यांचं.

९ जून, शुक्रवार

दुसरी अडचण. मॅडमना मेंबर काढायला दोन तृतीयांश पाहिजे, उपविधी दुरुस्तीला लागतं तसं, आणि घ्यायला साधं बहुमत चालेल. पण नेटवर्कला मतदानाचं धोरण एकच असतं, घेणं आणि काढणं दोन्हीला तेच. शिवाय ते नेटवर्क तयार करतानाच द्यावं लागतं, नंतर बदलायला एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्राममधून सेवेला द्यायच्या हुकमांत, तसा कॉलच नाही, मेंबर अपडेट आहे, नोड अपडेट आहे, नेटवर्क अपडेट नाही. म्हणजे आत्ता चुकलं तर पुढे सगळं नवीन नेटवर्कवर हलवावं लागेल. नशीब अजून टेस्टवरच आहोत.

मग बसून गणित मांडलं. टक्का पूर्णांकात द्यावा लागतो, त्यामुळे दोन तृतीयांश असा आकडाच नाही, एकतर ६६ नाहीतर ६७. आणि या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ६७ ठेवून 'ग्रेटर दॅन ऑर इक्वल टू' (तेवढं किंवा जास्त) घेतलं तर तीन मेंबरमध्ये दोन हो म्हणजे ६६.६७ टक्के, ६७ ला कमी पडले, म्हणजे तिघांचीही हो लागणार, आणि एकजण कायमचा सगळं अडवू शकणार. ६६ आणि 'ग्रेटर दॅन' घेतलं तर तिघांत दोन पुरतात. चौघांत तीन. पाचात चार. आता साधं बहुमत, म्हणजे ५० आणि 'ग्रेटर दॅन', तिघांत दोन, चौघांत तीन, पाचात तीन. म्हणजे बघा, काल दीड तास ज्यावरून चर्चा चालली त्या दोन नियमांत फरक पडतो तो फक्त पाचवा मेंबर आल्यावर! हे संध्याकाळी मॅडमना फोनवर सांगितलं, त्यांनी स्वतः कागदावर करून बघितलं आणि मग म्हणाल्या ६६ ठेवा, पाचात चार बरोबर आहे, पैशाचा मामला आहे. अण्णांना आणि अध्यक्षांनाही पटलं.

ठरलं: ६६, 'ग्रेटर दॅन', मुदत १६८ तास. मुदत एक तासापासून १६८ तासांपर्यंत ठेवता येते, म्हणजे सात दिवस हे जास्तीत जास्त. मला वाटतं या माणसांसाठी तेच बरोबर आहे, सौद्याच्या दिवशी कुणी फोनसुद्धा उचलत नाही.

१४ जून, बुधवार

पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायला घेतली. प्रपोजल तयार करणे, यादी बघणे, मत देणे, कुणी काय मत दिलं ते बघणे, चारच कॉल मुख्य. प्रपोजलमध्ये निमंत्रण असेल तर समोरच्याचा बारा आकडी अकाउंट नंबर द्यायचा, काढायचं असेल तर मेंबर आयडी.

आज एक चूक झाली माझ्याकडून, लिहून ठेवते. टेस्टला मध्येच नेट गेलं, स्क्रिप्ट एरर देऊन पडली, मी परत चालवली. प्रत्यक्षात पहिलं प्रपोजल झालेलं होतं, आता एकाच निमंत्रणाची दोन प्रपोजल. क्लायंट रिक्वेस्ट टोकन नावाची गोष्ट नेमकी याच्यासाठीच असते, तेच टोकन परत पाठवलं तर दुसरं प्रपोजल होत नाही, पण आपण दिलं नाही तर लायब्ररी स्वतःच टोकन बनवते आणि स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की नवीन बनवते. आणि प्रपोजल मागे घ्यायचा कॉल नाही. दुसरं तसंच पडून राहू द्यायचं नाहीतर नाही मतं देऊन पाडायचं. एका अकाउंटमध्ये एकापेक्षा जास्त मेंबर असू शकतात, त्यामुळे दुबार निमंत्रण नेटवर्क आपणहून अडवेल यावर मी विसंबून राहणार नव्हते. आता टोकन आधी बनवून डेटाबेसमध्ये लिहिते, मग कॉल करते, आणि परत चालवलं तर तिथलंच उचलते.

अकाउंट नंबरचंही तसंच. एक आकडा चुकला तर कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाच्या अकाउंटला निमंत्रण जाईल. स्क्रीनवर चार-चारच्या तीन गटांत दाखवते आणि टाकणाऱ्याला दोनदा टाकायला लावते, दुसऱ्यांदा पेस्ट बंद.

१९ जून, सोमवार

शनिवारी पहिल्यांदा तिघांच्या हातात दिलं. टेस्ट नेटवर्क आहे म्हणून मुदत चोवीस तासच होती. शनिवारी संध्याकाळी सात वाजता अण्णांनी नवीन कोल्ड स्टोरेजला घ्यायचं प्रपोजल टाकलं. मॅडमनी रात्रीच हो दिलं. अध्यक्ष लग्नाला गेले होते, त्यांनी बघितलंच नाही. रविवारी सात वाजता प्रपोजल 'एक्सपायर्ड'.

अण्णांचा फोन आला, चिडलेलेच होते, तीनपैकी दोघं हो म्हणालेत मग पडलं कसं. मी उघडून बघितलं: हो एक, नाही शून्य, बाकी दोन. अण्णांचं मतच नव्हतं! ते म्हणाले अहो प्रपोजल मीच टाकलंय, मी विरोधात असेन का. पण प्रपोजल टाकणं वेगळं आणि मत देणं वेगळं, टाकणाऱ्याचं मत आपोआप धरत नाहीत. सभेत सूचक कोण अनुमोदक कोण हे लिहिलं जातं, आणि सूचकाने ठरावाला हात वर केला का हे कुणी विचारत नाही, ते गृहीतच असतं. अण्णांनी चाळीस वर्षं ज्या पद्धतीने कारभार केला त्या पद्धतीनेच ते वागले. स्क्रीनने त्यांना सांगायला पाहिजे होतं, आणि माझा स्क्रीन फक्त 'प्रपोजल यशस्वीपणे सादर झाले' एवढंच बोलत होता.

बदललं. प्रपोजल सादर झालं की त्याच पानावर खाली येतं, "तुमचं मत अजून नोंदलेलं नाही", आणि हो-नाही दोन बटणं. आपोआप हो टाकायचं सोपं होतं, मुद्दाम नाही केलं, कारण उद्या कुणी दुसऱ्याच्या विनंतीवरून विषय मांडेल आणि स्वतः विरोधात असेल, तो हक्क राहायला पाहिजे. दिलेलं मत बदलता येणार नाही असं धरूनच पुढची खात्री करून घेणारी पाटी लिहिली.

दुसरं म्हणजे 'रिजेक्टेड' आणि 'एक्सपायर्ड' दोन्हीला मी लाल रंगात 'नामंजूर' दाखवत होते. हे फार चुकीचं होतं. ज्या कोल्ड स्टोरेजला घ्यायचं होतं त्यांच्या मालकाने ते बघितलं असतं तर त्यांना वाटलं असतं आपल्याला नाकारलं. नाही कुणी म्हटलंच नव्हतं. आता 'मुदत संपली, मतं अपुरी' असं वेगळं दिसतं आणि खाली कोण राहिलंय ते. अजून एक स्टेटस आहे, मंजूर झालं पण कृती फसली, आणि प्रपोजलमध्ये दोन कृती असतील आणि एकच फसली तरी तेच दिसतं, म्हणून आपण एका प्रपोजलमध्ये एकच कृती ठेवायची हे पक्कं केलं.

आठवण द्यायचं लगेच घेतलं. दर पंधरा मिनिटांनी यादी तपासायची, मत राहिलेल्यांना तिसऱ्या दिवशी, सहाव्या दिवशी आणि शेवटच्या सहा तासांत मेसेज. अध्यक्ष म्हणाले मेसेज नको, फोन लावा. त्यांना फोन लावणार.

२४ जून, शनिवार

मेंबरशिपचं झालं, आता आपल्या चेनकोडमधलं (नेटवर्कवर चालणाऱ्या आपल्या नियमांच्या प्रोग्राममधलं) मतदान, म्हणजे घटीचा टक्का, प्रतवारीची यादी वगैरे व्यवहाराचे निर्णय. इथे नियम आपलाच लिहायचाय त्यामुळे मोकळीक आहे. गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहितेय.

पहिला प्रयत्न साधा होता. प्रपोजलच्या रेकॉर्डमध्ये हो किती आणि नाही किती असे दोन आकडे, मत आलं की वाढवायचे. दोन लॅपटॉपवरून एकाच वेळी मत दिलं तर एक मत गेलं! एरर एमव्हीसीसी रीड कॉन्फ्लिक्ट, म्हणजे वाचलेली नोंद मध्येच बदलली. फॅब्रिकमध्ये आधी पीअरवर (मेंबरच्या सर्व्हरवर) व्यवहार चालवून बघतात, कुठली 'की' (नोंदीचं नाव) कुठल्या आवृत्तीला वाचली ते टिपतात, आणि ब्लॉक आल्यावर ती आवृत्ती तीच आहे का तपासतात. दोघांनी तोच आकडा वाचला, पहिल्याने बदलला, दुसऱ्याचं वाचलेलं शिळं झालं, बाद. व्यवहार ब्लॉकमध्ये लिहिला जातो पण अवैध म्हणून. आणि माझा क्लायंट, म्हणजे मत पाठवणारा प्रोग्राम, पाठवलं की लगेच 'मत नोंदवलं' म्हणत होता, कमिट व्हायची (पक्कं नोंदलं जायची) वाट न बघता. माणसाला वाटणार मत दिलं आणि ते मोजलंच जाणार नाही, मतदानात याहून वाईट काय असेल.

आता आकडा ठेवतच नाही. प्रत्येक मताची स्वतःची की, कंपोझिट (जोड) की, प्रपोजलचा नंबर अधिक एमएसपी आयडी, म्हणजे संस्थेची नेटवर्कवरची ओळख. दोघांची मतं दोन वेगळ्या कींवर पडतात, टक्कर नाही. बेरीज फक्त प्रपोजल बंद करताना. बंद करतानाच त्याच ब्लॉकमध्ये एखादं मत आधी बसलं तर बंद करण्याचा व्यवहार बाद होतो, आणि ते बरोबरच आहे, परत बंद करायचं, मत वाया जात नाही. एमएसपी आयडी कीमध्ये असल्यामुळे एका संस्थेतल्या दोन माणसांनी दोन मतं द्यायची सोय उरत नाही, संस्थेला एक मत. आयडी पॅरामीटर म्हणून घेत नाही, सही करणाऱ्याच्या सर्टिफिकेटमधून घेते. मत देण्याचा हक्क कुणाला ही यादी प्रपोजल मांडतानाच गोठवते, मध्येच कुणी नवीन आलं तर चालू प्रपोजलचा हिशोब बदलत नाही.

२८ जून, बुधवार

मुदत. चेनकोडमध्ये मशीनची वेळ घेऊन लिहिली तर दोन पीअरवर दोन वेगवेगळ्या वेळा येतात, उत्तरं जुळत नाहीत, एंडोर्समेंट (पीअरची मान्यता) फसते. म्हणून व्यवहाराचा टाइमस्टॅम्प वापरतात, तो सगळ्या पीअरवर सारखा असतो. पण रात्री झोपताना लक्षात आलं की तो सारखा असतो कारण तो क्लायंट पाठवतो. म्हणजे ज्याला मुदत संपल्यावर मत द्यायचंय त्याने आपल्या मशीनचं घड्याळ दोन तास मागे करायचं, झालं काम. करून बघितलं, मत पडलं.

आता पीअरचं स्वतःचं घड्याळ फक्त नकार द्यायला वापरते. व्यवहाराची वेळ आणि पीअरची वेळ यात पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर एरर, आणि लेजरवर (सामायिक नोंदवहीत) पीअरची वेळ कधीच लिहायची नाही. शिवाय प्रपोजल 'बंद' झालं की वेळ काहीही असली तरी मत नाही. उद्या आषाढी आहे, सुट्टी. आईने साबुदाणा भिजवून ठेवलाय, मी हे एवढं कमिट करून उठते.

३ जुलै, सोमवार

खरं नेटवर्क आज तयार केलं. धोरणाचे तीन आकडे टाकायच्या आधी तिघांना कॉन्फरन्सवर घेतलं आणि मोठ्याने वाचून दाखवले, कारण हे परत बदलणार नाही. प्रत्येकाचं स्वतःचं अकाउंट आहे. मॅडम म्हणत होत्या पासवर्ड तुमच्याकडेच असू देत, आम्ही सांगू तसं तुम्ही दाबा, मी नाही म्हटलं. तिघांची बटणं मीच दाबणार असेन तर मतदान करून उपयोग काय, सरळ एका माणसाच्या वहीत लिहा मग.

चेनकोडमध्ये मॅडमचा कोरमचा नियम बसवला, मला स्वतःला त्याचं फार समाधान आहे. पहिली फेरी तीन दिवस, निम्म्याहून जास्त मेंबर्सनी मत दिलं तर झालेल्या मतांच्या बहुमताने निर्णय. कोरम भरला नाही तर स्थिती 'तहकूब', मग चोवीस तासांची दुसरी फेरी, त्यात कोरम नाही. तहकूब सभेत विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात, नवीन घेता येत नाही, म्हणून दुसऱ्या फेरीत मजकूर बदलता येत नाही, पहिल्या फेरीचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळायलाच लागतो. तारण पावतीशी संबंधित काही असेल तर मात्र दुसरी फेरी नाही, सगळ्यांची हो पाहिजे. हे अध्यक्षांनी सुचवलं.

११ जुलै, मंगळवार

नव्या कोल्ड स्टोरेजचं प्रपोजल खऱ्या नेटवर्कवर मंजूर झालं, तिघांच्याही हो आल्या, निमंत्रण गेलं, त्यांनी स्वीकारलं, मेंबर झाला, पीअर उभा राहिला. आणि त्यांना एकही पावती दिसेना.

मला माहीत होतं पण मी त्यांना सांगितलं नव्हतं. नेटवर्कचा मेंबर होणं आणि चॅनलमध्ये, म्हणजे पावत्यांची नोंदवही ज्यांच्यात सामायिक आहे त्या गटात, असणं वेगळं. चॅनलच्या कॉन्फिगमध्ये (रचनेच्या नोंदीत) त्यांची संस्था घालावी लागते आणि त्यावर चॅनलमधल्या ॲडमिनच्या बहुमताच्या सह्या, तिघांत दोन. म्हणजे हे दुसरं मतदानच आहे, फक्त त्याला मतदान म्हणत नाहीत. कॉन्फिग ब्लॉक काढायचा, जेसन या वाचता येणाऱ्या स्वरूपात उलगडायचा, नवी संस्था घालायची, जुन्या-नव्यातला फरक काढायचा, त्या फाइलवर एकेकाने सही करून पुढच्याला द्यायची. शेवटी जो अपडेट पाठवतो त्याची सही आपोआप धरली जाते.

ती फाइल उघडली तर काहीच वाचता येत नाही, बायनरी. अण्णा म्हणाले पाठवा, करतो सही. मला ते बरं वाटलं नाही. त्यात मी काहीही घातलं असतं तरी त्यांनी सही केली असती. म्हणून आज दिवसभर थांबून एक छोटा प्रोग्राम लिहिला, फाइल देताच तो मराठीत सांगतो, "या सहीने चॅनलमध्ये एक संस्था वाढेल: अमुक. कुणीही कमी होणार नाही. नियमांत बदल नाही." आणि नियमांत बदल असेल तर ती ओळ सगळ्यात वर येते. अण्णांनी आपल्या मुलाला आपल्याच मशीनवर चालवायला लावला, ओळी वाचल्या, संस्थेचं नाव बरोबर आहे का विचारलं. स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलेलं होतं, डिस्प्लेच्या नावात. दुरुस्त करून नवीन फाइल काढली, मग सही.

१५ जुलै, शनिवार

चेनकोडची नवीन आवृत्ती चढवताना एकाची मंजुरी 'फॉल्स' दाखवत होती. मंजुरी देताना सगळ्यांनी भरलेली चेनकोडची व्याख्या तंतोतंत सारखी लागते, सीक्वेन्स (बदलाचा क्रमांक), व्हर्जन, धोरण. एकाने व्हर्जन १.०.१ ऐवजी १.०१ टाइप केलं होतं. परत मंजुरी घेतली, झालं. ती कमांड आता हाताने टाइप करायची नाही, स्क्रिप्टमधूनच.

संध्याकाळी चेनकोडमधलं पहिलं खरं प्रपोजल मांडलं गेलं, घटीचा टक्का, पतसंस्थेकडून. आता चार मेंबर, कोरम तीन. मॅडमनी मांडलं, खाली पाटी आली, "तुमचं मत अजून नोंदलेलं नाही", त्यांनी हो दाबलं. अण्णांनी नाही दिलं आणि लगेच फोन करून मला कारण सांगायला लागले, मी म्हटलं अण्णा मला नको, तिथे शेरा लिहायची जागा आहे, सगळ्यांना दिसेल. लिहिला त्यांनी, चांगला चार ओळी. नवीन मेंबरचं मत रात्री नऊला आलं, हो. अध्यक्षांना फोन गेलाय, उचललेला नाही, मंगळवार संध्याकाळपर्यंत मुदत आहे.